‘ढोबळ नफा’ आणि खनिज तेलाचा भाव : एका हिशेबी संज्ञेचा भारतातील इतिहास

१. संज्ञेचा विचार

व्यापारी हिशेबातील काही संज्ञा वरवर पाहता इतक्या सोप्या असतात की, त्यांचा अर्थ पुन्हा तपासून पाहावा असे कोणास वाटत नाही. ‘ढोबळ नफा’ ही अशा संज्ञांपैकी एक होय. विक्रीच्या रकमेतून विकलेल्या मालाची किंमत वजा करावी, उरेल तो ढोबळ नफा. त्यातून कचेरीचे पगार, भाडे, व्याज, कर इत्यादी खर्च वजा जाता उरेल तो निव्वळ नफा. ढोबळ नफ्याचे विक्रीशी असलेले शेकडा प्रमाण काढले म्हणजे धंद्याची प्रकृती कळते, असे हिशेबशास्त्राची प्राथमिक पुस्तके सांगतात. व्याख्या निर्दोष आहे. तथापि ज्या दोन आकड्यांच्या वजाबाकीवर ती उभी आहे, त्यांपैकी दुसरा आकडा, म्हणजे मालाची किंमत, कोण ठरवतो याविषयी ती मौन पाळते.

या मौनाला मराठी शब्दाने नकळत हातभार लावला आहे. ‘नफा’ हा अरबीतून आलेला शब्द मुळात लाभ, उपयोग या अर्थाचा. ‘ढोबळ’ या विशेषणाला मराठीत स्थूल, अदमासे अशी छटा आहे. त्यामुळे ‘ढोबळ नफा’ म्हणजे अंदाजी नफा, असा समज सामान्य वाचकाचा सहज होतो. वास्तविक हा आकडा पैपर्यंत अचूक असू शकतो. खर्चाचा एक थर अद्याप वजा व्हावयाचा आहे, एवढेच त्या विशेषणाने सुचवावयाचे असते. जेथे संदिग्धता नाही तेथे हा शब्द ती सुचवतो. आणि जेथे ती खरोखर आहे, म्हणजे किमतीच्या निश्चितीत, तेथे तो काहीच सुचवत नाही.

किराणा दुकानदाराच्या बाबतीत हा प्रश्न उपस्थित होत नाही. तो बाजारातून तांदळाचे पोते घेतो, अडत्याची पावती खतावणीत चढवतो आणि त्या पावतीवरील आकडा हीच त्याच्या मालाची किंमत असते. अडत्या हा त्याचा नातेवाईक नसतो. परंतु अडत्या, वाहतूकदार, गिरणीवाला आणि दुकानदार हे चौघे एकाच कुटुंबातील असतील, तर पावतीवर कोणता आकडा लिहावयाचा हा घरचाच प्रश्न ठरतो. मग दुकानात नफा दिसावा की गिरणीत, हे लिहिणाराच्या सोयीवर अवलंबून राहते. विसाव्या शतकातील खनिज तेलाचा व्यापार हा बव्हंशी असा एकत्र कुटुंबाचा व्यापार होता, आणि भारतातील तेलाच्या दराचा इतिहास हा त्या पावतीवरील आकड्याविषयीच्या वादाचा इतिहास आहे.

२. मेक्सिकोच्या आखातापासून मोजलेली किंमत

१९२७ साली हिंदुस्थानच्या बाजारपेठेत घासलेटच्या दरावरून मोठे युद्ध पेटले. न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने सोव्हिएत रशियाचे स्वस्त तेल विकत घेऊन ते येथे आणावयास आरंभ केला. क्रांतीनंतर रशियातील ज्यांची मालमत्ता जप्त झाली होती, त्यांत रॉयल डच-शेल ही कंपनी होती. तिचे प्रमुख हेन्री डेटर्डिंग यांनी हे तेल चोरीचे आहे असा पुकारा करून हिंदुस्थानात दर खाली आणले. काही काळ ग्राहकास स्वस्त घासलेट मिळाले. कंपन्यांचा ढोबळ नफा मात्र आटला.

ही स्थिती कोणासही परवडणारी नव्हती. सप्टेंबर १९२८ मध्ये स्कॉटलंडमधील ॲक्नाकॅरी येथील वाड्यात डेटर्डिंग, न्यूजर्सीच्या स्टँडर्ड ऑइलचे वॉल्टर टीगल आणि अँग्लो-पर्शियन कंपनीचे जॉन कॅडमन एकत्र आले आणि बाजारपेठेतील आपापले वाटे होते तसे कायम ठेवण्याचे त्यांनी ठरवले. त्याच वर्षी हिंदुस्थानातील विक्रीसाठी बर्मा ऑइल आणि शेल यांची बर्मा-शेल ही संयुक्त कंपनी स्थापन झाली.

या काळात जी दरपद्धती रूढ झाली तिचे तत्त्व असे : तेल कोठूनही येवो, त्याची किंमत अमेरिकेतील मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरील भाव आणि तेथून ग्राहकाच्या बंदरापर्यंतचे जहाजभाडे यांच्या बेरजेइतकी धरावयाची. इराणच्या आखातातील अबादानहून मुंबईस आलेल्या तेलावर टेक्ससहून मुंबईपर्यंतचे भाडे आकारावयाचे, असा याचा अर्थ. जो प्रवास जहाजाने केलाच नाही त्याचे हे भाडे होते. खरा खर्च आणि आकारलेला खर्च यांमधील अंतर हा विक्रेत्याचा नफाच होय. तथापि ग्राहकापुढे तो ‘भाडे’ या नावाने येत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इराणच्या आखातात ब्रिटिश नौदलास विकलेल्या इंधनाच्या दरावर खुद्द ब्रिटिश सरकारच्या हिशेबतपासनिसांनी आक्षेप घेतला, तेव्हा इराणचे आखात हे मोजणीचे दुसरे आरंभस्थान म्हणून मान्य झाले. भाड्याचा काल्पनिक भाग कमी झाला. परंतु आरंभस्थानाचा मूळ भाव प्रथम अमेरिकी आखाताच्या भावाइतकाच ठेवण्यात आला.

३. तुर्भ्याचे कारखाने आणि आयात-समतुल्य दर

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये सरकार आणि बर्मा-शेल यांच्यात प्रमुख तेलपदार्थांच्या दरनिश्चितीची एक पद्धती ठरली. मूळ बंदरातील भाव, जहाजभाडे, विमा, वाटेतील घट, आयातशुल्क, बंदरखर्च, विक्रीव्यवस्थेचा खर्च आणि कंपनीचा नफा अशा पायऱ्यांनी विक्रीची कमाल किंमत काढावयाची. तिच्याहून अधिक वसुली झाल्यास ती सरकारकडे वर्ग करावयाची. ही पद्धती शिस्तीची होती यात संशय नाही. मात्र तिने वरच्या पायऱ्यांवर नियंत्रण ठेवले. पहिली पायरी, म्हणजे मूळ बंदरातील भाव, कंपन्यांनीच जाहीर केलेला होता.

१९५१ च्या अखेरीस सरकारने स्टँडर्ड-व्हॅक्यूम आणि बर्मा-शेल या कंपन्यांशी तेलशुद्धीकरण कारखान्यांविषयी करार केले. कॅल्टेक्सचा करार १९५३ मध्ये झाला. मुंबईजवळ तुर्भे येथे स्टँडर्ड-व्हॅक्यूमचा कारखाना १९५४ मध्ये व बर्मा-शेलचा १९५५ मध्ये सुरू झाला; कॅल्टेक्सचा विशाखापट्टणम येथील कारखाना १९५७ मध्ये चालू झाला. कराराने कंपन्यांस पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरणापासून अभय मिळाले. कच्चे तेल आपल्या पसंतीच्या ठिकाणाहून आणण्याची मुभा मिळाली. आणि तयार माल आयात केला असता जी किंमत पडली असती त्या किमतीस तो विकण्याचा हक्क मिळाला. यालाच आयात-समतुल्य दर म्हणतात.

या हक्काचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल. त्यातील आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा, इराणच्या आखातात पेट्रोलचा भाव दर पिंपास १०० रुपये आहे आणि मुंबईपर्यंतचे भाडे, विमा व घट मिळून १० रुपये होतात. तर तुर्भ्यास तयार झालेल्या पेट्रोलचा दर ११० रुपये धरावयाचा. हे पेट्रोल आखातातून आलेले नाही; चेंबूरच्या पलीकडील कारखान्यातून निघाले आहे. प्रत्यक्षात आले ते कच्चे तेल. ते समजा ८५ रुपयांस पडले आणि शुद्धीकरणास १० रुपये लागले, तर खर्च ९५ रुपये व शिल्लक १५ रुपये होते. आता याच कंपनीच्या आखातातील भगिनीसंस्थेने कच्च्या तेलाची पावती ८५ ऐवजी ९५ रुपयांची केली, तर तुर्भ्याची शिल्लक १५ वरून ५ रुपयांवर येते. मुंबईतील ग्राहकाने दिलेली किंमत तीच, तेल तेच, कारखाना तोच. परंतु भारतातील नफा एक तृतीयांश झाला आणि उरलेला आखातात उमटला.

नफा विहिरीच्या तोंडाशी दाखवण्यास कंपन्यांजवळ सबळ कारण होते. १९५० च्या अखेरीस सौदी अरेबियाशी नफ्याच्या निम्म्या वाटणीचा करार झाला आणि तेथे भरलेला कर अमेरिकेतील करातून वजा मिळू लागला. हा कर कंपन्यांनी स्वतःच जाहीर केलेल्या भावावर आकारला जाई. अरबी हलक्या तेलाचा हा जाहीर भाव १९५७ साली पिंपास २.०८ डॉलर होता. प्रत्यक्ष उत्पादनखर्च त्याच्या लहानशा अंशाइतका होता. अशा स्थितीत भारतातील शुद्धीकरणाच्या ढोबळ नफ्याचे प्रमाण माफक दिसले तर त्यात नवल नाही. ते खोटे नव्हते; ते एका लांब साखळीच्या एका कडीचे वजन होते आणि साखळीचे वजन म्हणून वाचले जात होते.

४. १९६० : दुसरी पावती

पावतीवरील आकडा खरा की सोयीचा, याची कसोटी एकच : दुसऱ्या दुकानची पावती. ती १९६० मध्ये पुढे आली. सोव्हिएत संघाने जाहीर भावापेक्षा कमी दराने भारतास कच्चे तेल देऊ केले. तेलखात्याचे मंत्री केशव देव मालवीय यांनी ते परदेशी कंपन्यांच्या कारखान्यांत शुद्ध करून घ्यावे, असा प्रयत्न केला. कंपन्यांनी करारातील मुभेवर बोट ठेवून नकार दिला. परंतु त्याच सुमारास आपल्या भगिनीसंस्थांकडून येणाऱ्या कच्च्या तेलावर सूट देण्यास त्या तयार झाल्या. जो भाव तोवर अपरिवर्तनीय ‘खर्च’ म्हणून सांगितला जात होता तो वाटाघाटीने कमी होऊ शकतो, ही गोष्ट या एका घटनेने उघड केली. रशियाचे तेल तुर्भ्याच्या भट्टीत उतरले नाही. तरी त्याच्या पावतीने काम केले.

जगाच्या बाजारातही हेच घडत होते. अरबी हलक्या तेलाचा जाहीर भाव १९५९ मध्ये १.९० व ऑगस्ट १९६० मध्ये १.८० डॉलरवर आणण्यात आला. या कपातीने उत्पादक देशांचे उत्पन्न घटले आणि सप्टेंबर १९६० मध्ये बगदाद येथे त्यांनी आपली संघटना, म्हणजे ओपेक, स्थापन केली. म्हणजे एकच आकडा भारताच्या दृष्टीने खर्च, कंपनीच्या दृष्टीने नफ्याचे पात्र आणि सौदी अरेबियाच्या दृष्टीने महसूल होता.

भारतात या प्रश्नाचा विचार समित्यांकडे गेला. दामले समितीने १९६१ मध्ये, तालुकदार यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने १९६५ मध्ये आणि शांतिलाल शाह समितीने १९६९ मध्ये आपले अहवाल दिले. जाहीर भावावर किती सूट गृहीत धरावी आणि विक्रीव्यवस्थेचा खर्च किती मान्य करावा, याची छाननी त्यांनी केली. आयात-समतुल्यतेची चौकट मात्र कायम राहिली. दरम्यान सरकारी मालकीची शुद्धीकरण आणि विक्रीची व्यवस्था उभी राहत होती; तिच्या दोन शाखा एकत्र होऊन १९६४ मध्ये इंडियन ऑइल कॉर्पोरेशन अस्तित्वात आले.

५. नियंत्रित नफ्याचा काळ

१९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव चौपट झाले आणि चौकटच डळमळली. १९७४ मध्ये एस्सोचा भारतातील व्यवसाय सरकारकडे येऊन हिंदुस्थान पेट्रोलियमची स्थापना झाली. जानेवारी १९७६ मध्ये बर्मा-शेलचा ताबा घेण्यात आला व त्यातून पुढे भारत पेट्रोलियम आकारास आले. त्याच वर्षी कॅल्टेक्सचीही पाळी आली. १९५१ च्या करारातील पंचवीस वर्षे सरता सरता कारखाने राष्ट्राच्या मालकीचे झाले.

मालकीबरोबर हिशेबाचे तत्त्वही बदलले. १९७४ मध्ये नेमलेल्या तेलदर समितीने आयात-समतुल्यता सोडून देशांतर्गत उत्पादनखर्च हा दराचा आधार मानला. प्रत्येक कारखान्याचा मान्य खर्च आणि गुंतलेल्या भांडवलावरील ठरावीक परतावा मिळून जी रक्कम होईल ती कारखान्याने राखावयाची. विक्रीतून अधिक आले तर ते सामायिक खात्यात भरावयाचे, कमी आले तर त्यातून घ्यावयाचे. ढोबळ नफा हा येथे बाजारातून उरणारा अवशेष राहिला नाही; तो आधी ठरवून मग किमतीत घातला जाऊ लागला. या पद्धतीने घासलेटसारखे गरिबाच्या घरातील इंधन स्वस्त ठेवता आले, हा तिचा गुण. खर्च वाढला तरी परतावा सुरक्षित असल्याने काटकसरीस उत्तेजन उरले नाही, हा तिचा दोष. १९९८ पासून ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने मोडीत काढण्यात आली आणि १ एप्रिल २००२ रोजी ती औपचारिक रीत्या संपली.

६. ‘तोटा’ नव्हे, ‘कमी वसुली’

व्यवस्था संपली, परंतु डिझेल, घासलेट आणि स्वयंपाकाचा गॅस यांच्या दरांवरील सरकारचा प्रत्यक्ष ताबा सुटला नाही. अशा वेळी एक नवी संज्ञा प्रचारात आली : अंडर-रिकव्हरी, म्हणजे ‘कमी वसुली’. मराठी वृत्तपत्रांनी तिचा उल्लेख बहुधा ‘तोटा’ या शब्दाने केला आणि अर्थाची मोठी सरमिसळ झाली. तोटा म्हणजे प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी उत्पन्न. कमी वसुली म्हणजे आयातीच्या भावावर आधारलेल्या अपेक्षित किमतीपेक्षा कमी उत्पन्न. पहिल्यात तुलना झालेल्या खर्चाशी आहे, दुसरीत कल्पिलेल्या किमतीशी. १९५१ च्या करारातील आयात-समतुल्यता येथे वेश पालटून परत आली होती. २००६ मध्ये रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर पेट्रोल व डिझेलसाठी तीत निर्यातीच्या भावाचाही एक पंचमांश अंश मिसळला गेला, एवढाच फरक.

या भेदाचे व्यावहारिक मोल आकड्यांवरून दिसते. २०१२-१३ या वर्षी सार्वजनिक तेलकंपन्यांची कमी वसुली सुमारे १,६१,००० कोटी रुपये सांगण्यात आली. त्याच वर्षी इंडियन ऑइलने सुमारे ५,००० कोटी रुपयांचा निव्वळ नफा नोंदवला. सरकारची भरपाई आणि तेल काढणाऱ्या सार्वजनिक कंपन्यांनी दिलेली सूट जमेस धरल्यावर हा नफा दिसतो, हे खरे. म्हणून कमी वसुली निव्वळ भ्रम होती असे म्हणणे चुकीचे ठरेल. परंतु तिला तोटा म्हणणेही तितकेच चुकीचे होते. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त करण्यात आले, तेव्हा या चर्चेची धार कमी झाली.

त्यानंतर २०२२ मध्ये तिसऱ्यांदा रशियाचे तेल भारतीय हिशेबात आले. युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाने सवलतीने तेल विकावयास आरंभ केला. २०२१ मध्ये भारताच्या कच्च्या तेलाच्या आयातीत ज्याचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, तो २०२३ मध्ये सुमारे एक तृतीयांशापर्यंत गेला. याच काळात, एप्रिल २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत, मे २०२२ मधील अबकारी कपात व काही राज्यांनी केलेले करांतील फेरफार वगळता, पंपावरील पेट्रोल-डिझेलचे दर स्थिर ठेवण्यात आले. परिणाम असा झाला की, एप्रिल ते सप्टेंबर २०२२ या सहा महिन्यांत इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांना मिळून सुमारे २१,००० कोटी रुपयांचा निव्वळ तोटा झाला, आणि २०२३-२४ मध्ये त्याच तीन कंपन्यांनी मिळून सुमारे ८१,००० कोटी रुपयांचा निव्वळ नफा मिळवला. ग्राहकाचा दर हलला नाही. हलली ती वजाबाकीतील दुसरी संख्या. पहिल्या काळात महागाईचा भार कंपन्यांनी सोसला, दुसऱ्यात स्वस्ताईचा लाभ त्यांच्याकडे राहिला. जागतिक भाव उतरल्याचा वाटा त्यात मोठा होता, आणि रशियाच्या सवलतीचाही होता.

७. उपसंहार

या इतिहासातून ऊर्जा-कंपन्यांच्या ढोबळ नफ्याचे वाचन करणाऱ्यास काही गोष्टी ध्यानी धराव्या लागतात. पहिली : शेकडा प्रमाण एकटे पाहू नये. कच्चे तेल ५० रुपये व पक्का माल ६० रुपये असता १० रुपयांचा फरक विक्रीच्या सुमारे १७ टक्के भरतो. तेल १०० व माल ११० झाला तर तोच १० रुपयांचा फरक ९ टक्क्यांवर येतो. नफा घटला नाही, केवळ भाजक वाढला. म्हणूनच शुद्धीकरणाचा नफा पिंपामागे मोजण्याचा प्रघात आहे. दुसरी : तेल विकत घेणे आणि माल विकणे यांत काही आठवडे जातात. या अवधीत भाव चढला तर जुन्या स्वस्त साठ्यामुळे नफा फुगतो, उतरला तर आक्रसतो; त्यात व्यवस्थापनाचे कर्तृत्व शोधू नये. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : मालाच्या किमतीची पावती कोणी लिहिली, हे प्रथम विचारावे.

१९२८ मध्ये ती मेक्सिकोच्या आखातातून मोजली गेली, १९५१ नंतर इराणच्या आखातातून, १९७६ नंतर सरकारी समितीच्या टिपणातून आणि २००२ नंतर पुन्हा जागतिक बाजाराच्या भावातून. प्रत्येक वेळी व्याख्या तीच राहिली आणि आशय पालटला. स्वस्त रशियन तेल १९२७, १९६० व २०२२ मध्ये समोर आले तेव्हा फायदा कोणाचा, याचे उत्तर प्रत्येक वेळी निराळे मिळाले : पहिल्यांदा अल्पकाळ ग्राहकाचा, दुसऱ्यांदा सवलतीच्या रूपाने काही अंशी देशाचा, तिसऱ्यांदा प्रामुख्याने शुद्धीकरण करणाऱ्यांचा. तेलाच्या गुणधर्मात या भेदाचे कारण नाही. ते दर ठरवण्याच्या नियमात आहे.

भाषेच्या अभ्यासकास यातून मिळणारा बोध लहान, परंतु उपयुक्त आहे. ‘ढोबळ नफा’, ‘खर्च’, ‘तोटा’ हे शब्द मराठी माणसाच्या रोजच्या व्यवहारातले असल्याने ते परिचित वाटतात, आणि परिचयामुळेच त्यांमागील गृहीते नजरेआड होतात. परकी संज्ञेला देशी प्रतिशब्द दिला म्हणजे ती समजली असे होत नाही. कमी वसुलीला तोटा म्हटले की करदात्याच्या खिशातून भरपाई देणे न्याय्य वाटू लागते. काल्पनिक प्रवासाच्या आकारणीला भाडे म्हटले की ते देणे अपरिहार्य वाटते. शब्दाची निवड येथे केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही. घासलेटची बाटली घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाने किती पैसे मोजावयाचे, याच्याशी तिचा संबंध पोचतो.